व्हॉल्व्ह गेला, वास राहिला

मी अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. म्हणजे, बोलणार आहे. बटण दाबलंत ना? आता दोन मिनिटं थांबा. मी व्हॉल्व्हवाला आहे. माझ्या पोटात काचेच्या चार छोट्या बाटल्या आहेत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. त्या तापून लालसर झाल्या की मगच माझ्या तोंडातून आवाज फुटतो. हल्लीची ट्रान्झिस्टरवाली मंडळी बटण दाबल्या दाबल्या बोलायला लागतात. विचार न करता बोलणारे जगात पुष्कळ आहेत. मी त्यातला नाही.

हां, तापलो.

माझा जन्म त्र्याऐंशी साली ठाण्याला खोपटला झाला, एसटी डेपोसमोरच्या गल्लीत. जन्मदाता देवराम, रेडिओ मेकॅनिक. त्याने मला दोन मयतांमधून उभा केला. एक होता जुना रेडिओ आणि दुसरं एका भजनी मंडळाचं लाउडस्पीकरचं मशीन. बाहेरची पेटी चहाच्या खोक्याची, वरून एका टुरिस्ट बसच्या सीटचं हिरवं रेक्झिन. आईबाप असे दोन स्वभावाचे असल्यामुळे माझ्या डोक्यात जरा गोंधळ आहे. कधीकधी मला उगाचच आकाशवाणी ऐकू येते आणि मी ती सगळ्यांना ऐकवतो. एका हळदीत नवरीच्या गालाला हळद लागायला आणि मी कांद्याचे बाजारभाव सांगायला एकच गाठ पडलेली. नवरीचा बाप कांद्याचा व्यापारी. त्याला वाटलं, खास त्याच्यासाठीच सोय केलीय. तो खूश.

ती हळद चंदूने घेतलेली. चंदू माझा पहिला मालक, ठाण्याच्या कोळीवाड्यातला. त्याची बेंजो पार्टी होती. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली, तारांची लांबट पेटी. तिची वायर माझ्यात खुपसली की माझ्यातून असा आवाज निघायचा, की खाडीपलीकडची माणसं विचारायची, कोणाकडे लग्न आहे.

पण मी नुसता वाजायचो नाही, तापायचोसुद्धा. आणि चंदूच्या आईला, मनुबाईला, कुठलीच गोष्ट वाया गेलेली चालत नसे. पावसाळ्यात ऊन नाही, जवळा वाळणार कसा? जवळा म्हणजे ती बारीक, नखाएवढी कोलंबी. मनुबाईने एक दिवस माझ्या डोक्यावर फडका अंथरला आणि त्यावर ओला जवळा पसरला.

चंदू ओरडला, "आये, आगो मशीन हाय तो! चूल नाय!"

"येवडा तापतंय," मनुबाई म्हणाली, "मंग वाया कनाला घालवायचा? तू वाजव. तुजा पन काम व्हईल नि माजा पन."

तर असे पाच पावसाळे मी वाजता वाजता जवळा वाळवला. माझ्या डोक्यावर हवा जायला जाळी आहे. त्या जाळीतून थोडा थोडा जवळा आत पडत गेला. ट्रान्सफॉर्मरखाली, वायरींच्या बेचक्यात, जिथे कोणाचा हात जात नाही तिथे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. माणसाच्या अंगाला जसा घरचा वास असतो, तसा तो माझा वास.

एकोणनव्वद साली चंदूने नवीन मशीन घेतलं. ट्रान्झिस्टरचं, पुढे लाल-हिरवे लाइट नाचणारं. मी कोपऱ्यात गेलो. अशात एका हळदीत ओळख झालेला डोंबिवलीचा प्रभाकर चंदूच्या घरी आला. ठाण्याच्या एका ऑफिसात क्लार्क, पण हातात कायम गिटार. चंदूच्या नव्या मशीनमध्ये त्याने गिटार लावून बघितली, मग सहज माझ्यात लावली. मी सावकाश तापलो. त्याने एक तार छेडली.

आणि तो तसाच बसून राहिला.

"काय रं?" चंदू म्हणाला. "करंट लागला काय?"

"चंदू, तुझ्या नव्या मशीनमधून गिटार वाजतेय असं कळतं," प्रभाकर म्हणाला. "ह्यातून कोणीतरी बोलतंय असं वाटतं रे."

आता मी स्वतःचं कौतुक करत नाही, पण ते खरं आहे. हलक्या हाताने छेडलं तर मी हळू बोलतो. जरा जोर लावला की माझा आवाज किंचित फाटतो, रडून, समजूत काढून झाल्यावर पोरगं बोलतं ना, तसा. आणि सूर सोडून दिला की मी तो लगेच खाली टाकत नाही. धरून ठेवतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. ते व्हॉल्व्हचं आहे.

"घेऊन जा," चंदू म्हणाला. "माज्या बहिनीच्या हळदीला येऊन वाजव, म्हंजे झाला." आणि मी डोंबिवलीकर झालो.

प्रभाकरचं घर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. वडील हरिहरराव, सोसायटीचे सेक्रेटरी, घरात कांदासुद्धा चतुर्थीचा हिशेब बघून. आई सुमतीबाई. पहिल्या दिवशी प्रभाकरने मला हॉलमध्ये ठेवला, पुसला, चालू केला. दोन मिनिटांत मी तापलो. तिसऱ्या मिनिटाला माझ्या पोटातला जवळाही तापला.

हरिहररावांनी पेपर खाली केला. "सुमती, गॅसवर काय आहे?"

"वरणफळं."

"मग वरणफळांना मासळीचा वास का येतोय?"

चौथ्या मिनिटाला खिडकीत एक मांजर आली. पाचव्या मिनिटाला दुसरी.

त्या दिवसापासून प्रभाकर वाजवायला बसला की जिन्यात वास पसरायचा. खालच्या मजल्यावरच्या वासंतीबाई जाता जाता म्हणायच्या, "काय सुमतीताई, आज काही खास बेत?" सुमतीबाई सांगून सांगून थकल्या, की हा गिटारच्या मशीनचा वास आहे. त्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही तरी ठेवला असता का? बिल्डिंगभर झालं, की सेक्रेटरीसाहेब नोटीस लावतात "जिन्यात कचरा टाकू नये" आणि स्वतः दार लावून सुकट तळतात.

हरिहररावांनी दोन वर्षं सहन केलं. मग त्यांनी ट्रान्झिस्टरचा कोरा अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला प्रभाकरला. चकचकीत, बिनवासाचा. प्रभाकरने तो आठवडाभर वाजवला. एकही चूक नाही, एकही खरखर नाही. आठव्या दिवशी त्याने तो परत खोक्यात भरला.

"का रे? काय वाईट आहे त्यात?"

"काही वाईट नाही बाबा. तेच तर."

"तेच तर म्हणजे?"

"तो तुमच्या नोटिशीसारखं बोलतो."

हे हरिहररावांना लागलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात, एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात, वाजवता वाजवता माझा एक व्हॉल्व्ह गेला. पुट्ट आवाज झाला, थोडा धूर, आणि मी मुका.

हरिहरराव म्हणाले, "देवानेच निकाल दिला. रविवारी भंगारवाला येतो."

"बाबा, मी देवरामकडे नेतो. तो व्हॉल्व्ह पण बदलेल आणि आतून साफ पण करेल. वास गेला तर?"

"वास गेला तर राहील. शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोर चालू करायचा. एवढासा जरी वास आला, तर रविवारी मी स्वतः खाली नेऊन देणार. शब्द दे."

प्रभाकरने शब्द दिला. त्याचा चेहरा मला दिसत होता. नोकरी, घर, सगळं असलेला माणूस, पण दिवसातला तो एक तास गेला असता तर त्याच्याकडे बोलायला दुसरी जागा नव्हती.

शनिवारी सकाळी मी देवरामच्या टेबलावर, पोट उघडं. देवरामने चिमट्याने जवळा वेचला. वेचता वेचता ओंजळ भरली. "आयला," तो म्हणाला, "ह्यात एक वेळचं कालवण होईल." मग त्याने फोन उचलला.

प्रभाकरच्या घरी फोन नव्हता. निरोप वासंतीबाईंच्या फोनवर द्यायचा, ही बिल्डिंगची पद्धत. मला फक्त देवरामचंच बोलणं ऐकू येत होतं. ते जसंच्या तसं सांगतो.

"हॅलो, वासंतीबाई का? ठाण्याहून बोलतोय, देवराम. वरच्या प्रभाकरला एक निरोप द्या. व्हॉल्व्ह गेलाय... हो, पूर्ण गेलाय. सकाळीच उघडून बघितलं... नाही हो, आता आवाजच निघत नाही. वय झालंय ना, किती दिवस चालणार? आणि आतून जवळा निघाला... जवळा, जवळा! सुका! ओंजळभर! साफ केला मी... नवीन व्हॉल्व्ह हल्ली मिळतात कुठे? चोरबाजारात बघायला लागेल. आज बसवला नाही तर घरचे भंगारात टाकायचं म्हणतायत... हॅलो? ऐकू आलं ना?"

देवरामने फोन कानाशी घट्ट धरला. मग "आलं म्हणतायत" असं मला सांगत त्याने तो खाली ठेवला.

देवराम म्हणाला, "चांगली बाई आहे. मनापासून ऐकते."

पुढचं मी बघितलेलं नाही. पण सुमतीबाईंनी ते माझ्यासमोर बसून इतक्या जणांना सांगितलंय, की मला पाठ आहे.

त्या सकाळी हरिहररावही ठाण्यालाच गेलेले. वासंतीबाईंनी त्यांना जाताना बघितलेलं. त्या धावत वर गेल्या.

"सुमतीताई, आधी बसा. पाणी प्या. भावजींचा व्हॉल्व्ह गेला."

"कुठला व्हॉल्व्ह?"

"माणसाला कुठला असतो? हृदयाचा! ठाण्याहून डॉक्टर देवरामांचा फोन होता. सकाळीच उघडलं म्हणे त्यांना."

"अहो, ते चष्म्याचा नंबर काढायला गेलेत!"

"असंच सांगून जातात सगळे. घरच्यांना काळजी नको म्हणून." वासंतीबाईंनी आवाज खाली आणला. "आणि ताई, सांगू नये, पण उघडल्यावर आतून... जवळा निघाला. ओंजळभर."

सुमतीबाईंनी उठून गॅस बंद केला. व्हॉल्व्हचं दुःख बाजूलाच राहिलं. "तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी त्या माणसाला वरणफळं करून घातली."

"चोरबाजारातला व्हॉल्व्ह बसवणार म्हणतायत. आणि नाही मिळाला तर घरचे भंगारात टाकायचं म्हणतायत."

"अहो, घरची मीच आहे!"

चार वाजता हरिहरराव परतले. डोळ्यांच्या डॉक्टरने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे समोरचं सगळं धूसर. ते भिंत धरून एकेक पायरी चाचपत जिना चढायला लागले. जिन्यात अर्धी बिल्डिंग उभी.

"अरे रे, बघवत नाही."

हरिहररावांनी डोळे बारीक केले. "कोण? कोण आहे?"

"माणसं ओळखत नाहीत!" कोणीतरी हुंदका दिला.

चौघांनी उचलून त्यांना पलंगावर नेलं. ते सांगत होते, "मला काहीही झालेलं नाही." त्यावर सगळे एकमेकांकडे बघून मान हलवत होते, कारण असं म्हणणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. कोणी शहाळं आणलं, कोणी अंगारा. सुमतीबाई उशाशी बसून फक्त एकच प्रश्न विचारत होत्या. "कुठे खायचात? तेवढं सांगा. मी रागावणार नाही."

"काय कुठे खायचो?"

"जवळा!"

पाच वाजेपर्यंत हरिहरराव भांडले. सहा वाजता त्यांच्या छातीत खरंच दुखायला लागलं. एवढी शिकलेली माणसं सांगतायत, म्हणजे काहीतरी असणारच, असं त्यांना वाटलं.

इकडे प्रभाकर ऑफिस सुटल्यावर तडक खोपटला आलेला. देवराम त्याची वाट बघत बसलेला. "हा घे व्हॉल्व्ह. माझ्या घरच्या रेडिओतला काढून आणलाय. बायको आठवडाभर श्रुतिका ऐकणार नाही आणि माझ्याशी बोलणार नाही, दोन्ही फायदे. आता बसवत नाही. शीळफाट्याच्या खड्ड्यांत तो टिकणार नाही. हातात धरून ने, घरी गेल्यावर बसव."

लोकलच्या गर्दीत मी मावणार नव्हतो, म्हणून प्रभाकर एसटीने आला. मी मांडीवर, व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात. त्याला वाटेत एकच काळजी होती, वास गेला असेल ना. देवराम म्हणालेला, "गेला असणार." देवराम "असणार" म्हणाला की समजावं, खात्री त्यालाच नाही.

जिन्यात माणसंच माणसं. प्रभाकरला बघून वासंतीबाई पुढे आल्या.

"आणलास का रे व्हॉल्व्ह?"

"हो." त्याला बरं वाटलं, लोकांना एवढी आस्था. "मिळत नव्हता. देवरामने रेडिओतला काढून दिला."

वासंतीबाईंनी छातीवर हात ठेवला.

"रेडिओतला चालतो?"

"पळतो. जुना माल आहे ना काकू, नव्यापेक्षा भारी."

"आणि बसवणार कोण?"

"मीच. दोन मिनिटांचं काम."

"भूल?"

"भूल कशाला? स्विच बंद केला की झालं."

आतून हरिहररावांचा आवाज आला, "मी बसवून घेणार नाही! सुमती, दार लाव! पोरगं डबा घेऊन आलंय!"

प्रभाकर आत आला. बापाच्या कपाळाला अंगारा, आईच्या डोळ्यांना पदर, आजूबाजूला सात शहाळी. त्याला सगळं समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर त्याने मला उचलून स्टुलावर ठेवला आणि म्हणाला, "अहो, व्हॉल्व्ह ह्याचा गेलाय! बाबांचा नाही!"

हरिहररावांच्या छातीतलं दुखणं त्याच क्षणी थांबलं. ते उठून बसले. "बघा! मी मघापासून काय सांगतोय?"

पण वासंतीबाई सहजासहजी सोडणाऱ्या नव्हत्या. "व्हॉल्व्हचं ठीक आहे. जवळ्याचं काय?"

"तो पण ह्याच्यातच होता, काकू."

"अ‍ॅम्प्लिफायर जवळा खातो?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आणि तो हसण्याचा प्रकार चांगला नव्हता. सुमतीबाईंनी नवऱ्याकडे अजून मान वळवली नव्हती. हरिहररावांचा चेहरा उतरला. तीस वर्षांचं नाव, सेक्रेटरीपद, सगळं ओंजळभर जवळ्यात जात होतं.

"चालू कर," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांसमोर चालू कर."

आता प्रभाकरची पंचाईत बघा. वास आला, तर शब्द दिल्याप्रमाणे उद्या मी भंगारात. वास नाही आला, तर बाप आयुष्यभर चोरून जवळा खाणारा. तो माझ्याकडे बघत होता. मी काय सांगणार? आयुष्यात पहिल्यांदा मला तापायची इच्छा नव्हती.

त्याने व्हॉल्व्ह बसवला. बटण दाबलं. सगळे गोल करून बसले, नाकं पुढे. दोन मिनिटं झाली. प्रभाकरने गिटार मांडीवर घेतली आणि कोळीवाड्यात शिकलेली हळदीची एक चाल लावली, नेहमीपेक्षा सावकाश. उद्या आपण बोलायला एकत्र नसू, असं समजून तो वाजवत होता. मीही काही मागे ठेवलं नाही. रेडिओतला तो व्हॉल्व्ह इतकी वर्षं दुसऱ्यांची सुखदुःखं सांगत आलेला. आज त्याला पहिल्यांदा स्वतःचं काही सांगायला मिळालं. शेवटचा सूर मी धरून ठेवला, जितका धरता येईल तितका.

हरिहररावांनी डोळे पुसले. थेंबांमुळे, असं ते म्हणाले. थेंब सकाळी अकराला घातलेले.

आणि मग वासंतीबाईंचं नाक हललं.

"येतोय," त्या म्हणाल्या. त्या उठल्या, माझ्या जाळीजवळ नाक नेलं, आणि झटकन मागे सरल्या. "बाई गं! ह्याचाच आहे!"

प्रभाकरने मान खाली घातली. हात तारांवरून काढला.

"येतोय ना?" हरिहरराव पलंगावरून उडी मारून आले. "सगळ्यांना येतोय ना? रांगेने या! एकेकाने वास घ्या! सुमती, तू आधी!"

सुमतीबाईंनी वास घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे प्रेमाने बघितलं.

बिल्डिंग गेल्यावर प्रभाकर म्हणाला, "बाबा, मी शब्द दिलाय. सकाळी भंगारवाला आला की..."

"खबरदार," हरिहरराव म्हणाले. "पुरावा आहे तो माझा. तो गेला आणि परत कधी जिन्यात वास आला, तर मी कोणाकडे बोट दाखवू?"

पुढच्या रविवारी ते स्वतः कोळीवाड्यात मनुबाईंकडे गेले, जाब विचारायला. मी सोबत होतो, मुद्देमाल म्हणून. त्यांनी पंधरा मिनिटं शुद्ध मराठीत आपली झालेली मानहानी सांगितली. मनुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं. तांदळाची भाकरी, जवळ्याचं सुकं.

"भाऊ, जेच्यापायी येवडी बदनामी झाली," ती म्हणाली, "तो एक घास खाऊन तरी बघ. नायतर बदनामी फुकट जायाची."

हरिहरराव हिशेबी माणूस. त्यांना ते पटलं.

आता अठ्ठ्याण्णव साल चालू आहे. मी त्याच हॉलमध्ये आहे. खोक्यातला तो ट्रान्झिस्टरवाला माळ्यावर गेला, अजून एक चूक न करता. माझं रेक्झिन फाटलंय, एक नॉब गेलाय, तिथे प्रभाकरने टूथपेस्टचं टोपण बसवलंय. देवरामने मध्ये मला पूर्ण उघडून, धुऊन पुसून दिला. आज माझ्यात औषधालाही जवळा नाही. पाच वर्षं झाली, मला कसलाच वास नाही. हे फक्त तिघांना माहीत आहे. एक मी, एक देवराम. तिसरा कोण, ते तुम्हीच ओळखा.

दर बुधवारी चंदू मनुबाईंचा डबा घेऊन येतो. डबा उघडायच्या आधी आतल्या खोलीतून हाक येते, "प्रभाकर, तो चालू कर रे!" प्रभाकर लगेच गिटार घेऊन बसतो. बुधवारचा रियाज त्यामुळे कधी चुकत नाही आणि पोरगं खरंच सुंदर वाजवायला लागलंय. सुमतीबाई खिडक्या उघडत म्हणतात, "किती वास मारतो हो मेला हा!" आणि मी मुकाट ऐकून घेतो. ज्या घराने मला ठेवून घेतलं, त्याच्यासाठी एवढं चालतं.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. माझ्यासारखा एखादा म्हातारा तुमच्याकडे धूळ खात पडला असेल, तर त्याला एकदा वाजवून बघा. आणि कधी बुधवारी डोंबिवलीला आमच्या जिन्यात आलात आणि वास आला, तर बिनधास्त मला नावं ठेवा. फक्त बेल वाजवल्यावर जरा थांबा. हरिहररावांना हात धुवायला वेळ लागतो.